पहिलं वेल्डिंग मशीन: काय घ्यावं आणि हात कसा बसवावा

ट्रॉलीच्या फाळक्याची बिजागरी तुटली किंवा गेटचा कडीकोयंडा निखळला, आणि वेल्डिंगच्या दोन टाक्यांसाठी फॅब्रिकेशनवाल्याच्या दारात अर्धा दिवस बसावं लागलं, की मनात येतंच: मशीन आपलंच असावं. मग माणूस दुकानात जातो आणि रंगीत डब्यांच्या रांगेसमोर गोंधळतो. आर्क, मिग, टिग, थ्री-इन-वन, २०० अँपिअर, २५० अँपिअर. मी गोंधळलो होतो, आणि आता शिकायला येणारी पोरंही तेच प्रश्न घेऊन येतात. त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितो.

आधी काम ठरवा

घरात, शेतात, गोठ्यात जे लोखंड असतं ते जवळजवळ सगळं एमएस, म्हणजे साधं मृदू पोलाद. अँगल, पट्टी, चौकोनी पाइप, सळई. हे जोडायला रॉडचं साधं आर्क वेल्डिंग पुरतं: रॉडचं टोक आणि लोखंड यांच्यात विजेची सलग ठिणगी, म्हणजे आर्क, पेटते आणि दोन्ही वितळून जोडले जातात. उघड्यावर, वाऱ्यात, थोड्याफार गंजलेल्या लोखंडावरही ते चालतं आणि सिलिंडर सांभाळावा लागत नाही.

मिग, म्हणजे आपल्याकडे ज्याला सीओटू म्हणतात, ते पातळ पत्र्यावर आणि सलग कामावर फार सुरेख चालतं. पण वायर पुढे ढकलणारा फीडर आला, सिलिंडर आला, आणि वारा सुटला की वायूचं आवरण उडून वेल्डमध्ये भोकं पडतात. बिनगॅसच्या फ्लक्स वायरवर चालणारी छोटी मशीनं हल्ली मिळतात. त्यांत धूर आणि शिंतोडे जास्त. टिग, म्हणजे लोक ज्याला ‘आर्गन मारणं’ म्हणतात, ते स्टेनलेस स्टीलच्या रेलिंगसाठी आणि नाजूक कामासाठी. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात फिलर, म्हणजे भर घालायची तार. सुरुवातीला दोन्ही हात गुंतवू नका. रॉडवर हात बसलेला माणूस मिग आठवड्यात उचलतो. उलटं फारसं होत नाही, कारण मिगचा वेल्ड आतून कच्चा असला तरी वरून देखणा दिसतो आणि शिकणारा फसतो.

मशीन निवडताना

जुन्या वर्कशॉपमध्ये अजून तांब्याच्या वाइंडिंगचे जड वेल्डिंग सेट दिसतात. दोन फेजवर किंवा थ्री-फेजवर चालणारे, दोघांनी उचलायचे. टिकाऊ आहेत, पिढी काढतात. पण घरगुती सिंगल फेजवर त्यांतले बहुतेक चालत नाहीत, आणि शेतातली थ्री-फेज लाइट कधी रात्री तर कधी दिवसा, पाळीनं येते. पहिल्या मशीनसाठी मी सरळ सांगतो: सिंगल फेजचं, आयजीबीटीचं (आत जड वाइंडिंगऐवजी इलेक्ट्रॉनिक स्विच असलेलं), २०० अँपिअरचं इन्व्हर्टर आर्क मशीन घ्या. साधारण पाच ते दहा हजारांत बरं मिळतं, खांद्याला अडकवून नेता येतं, आणि डीसी करंट देत असल्यामुळे आर्क जुन्या एसी सेटपेक्षा शांत जळतो.

डब्यावरचा २०० हा आकडा मात्र एकटा वाचू नका. त्याच्याजवळ ड्यूटी सायकल लिहिलेली असते. २०० अँपिअरला ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांतली सहा मिनिटं त्या करंटवर वेल्ड करायचं आणि चार मिनिटं मशीन थंड होऊ द्यायचं. काही स्वस्त मशीनांवर हे लिहिलेलंच नसतं. तिथे केबलचं सॉकेट बघा. पिन फार बारकी असेल तर डब्यावर छापलेल्या २०० वर लगेच विश्वास ठेवू नका. इनपुट व्होल्टेजची मर्यादाही बघा. ग्रामीण भागात संध्याकाळी व्होल्टेज १८० पर्यंत उतरतं. १६० ते २६० पर्यंत चालणारं मशीन असलं तर तेव्हाही काम निघतं.

सगळ्यांत खात्रीची परीक्षा दुकानातच करता येते. ३.१५ मिलिमीटरचे, म्हणजे दहा नंबरचे, दोन रॉड एकामागून एक पूर्ण जाळून दाखवायला सांगा. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा कोल्हापुरात उद्यमनगरात घेत असाल तर चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही. दुसरा रॉड अर्ध्यात आल्यावर मशीन धापा टाकू लागलं, की ते परत ठेवा.

बरोबर येणाऱ्या केबलकडे माझं पहिल्यांदा लक्षच गेलं नव्हतं. बऱ्याच वेळा ती आखूड असते आणि आत तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. हाताला गरम लागायला लागली की समजा, करंट रॉडपर्यंत पोचण्याऐवजी केबलमध्ये जळतोय. २०० अँपिअरच्या मशीनला २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल घ्या, आणि अर्थ क्लॅम्प, म्हणजे जोडायच्या लोखंडाला लावायचा चिमटा, चांगला जाड घ्या. ‘रॉड नीट पेटत नाही’ ही तक्रार घेऊन आलेल्यांचा अर्थ क्लॅम्प मी आधी बघतो. तो रंगावर किंवा गंजावर चिकटवलेला असतो.

घरची वायरिंग पेलेल का

हा हिशोब आधी करा, नाहीतर मशीन आणल्याच्या दिवशीच एमसीबी पडेल. २.५ मिलिमीटरचा, बारा नंबरचा रॉड ७५ अँपिअरवर चालवला तर आर्कचं व्होल्टेज साधारण २३ असतं. ७५ गुणिले २३ म्हणजे सुमारे १७०० वॉट. मशीनमधली गळती आणि पॉवर फॅक्टर धरला तर भिंतीच्या सॉकेटमधून साधारण १३ अँपिअर ओढले जातात. १६ अँपिअरच्या पॉवर सॉकेटवर हे निघतं. पण ३.१५ चा रॉड ११० अँपिअरवर लावला की हाच आकडा २०-२१ वर जातो, आणि व्होल्टेज १८० वर उतरलं तर २६-२७ वर.

म्हणून वायरमनकडून मुख्य बोर्डापासून ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र लाइन, ३२ अँपिअरचा सी-कर्व्ह (क्षणभर जादा करंट ओढला तरी लगेच न पडणारा) एमसीबी आणि पक्कं अर्थिंग करून घ्या. फ्रिजला वापरतो तसलं एक्स्टेन्शन बोर्ड याला लावू नका. एक्स्टेन्शन लागलंच तर जाड वायरचं घ्या आणि पूर्ण उलगडून वापरा. गुंडाळलेली वायर तापून वितळते.

डोळ्यांवर खर्च करताना हात आखडू नका

सुरुवातीच्या दिवसांत मी रन, म्हणजे वेल्डची सलग रेघ, मारताना डोळ्यांपुढे काळी काच धरायचो, पण टाका, म्हणजे तुकडे जागच्या जागी धरणारा छोटा वेल्ड, मारताना नाही. एवढाच तर टाका, डोळे मिटून मारू, असं वाटायचं. एके दिवशी एका फ्रेमचे वीस-पंचवीस टाके असेच मारले. संध्याकाळी काही वाटलं नाही. रात्री दोन वाजता डोळ्यांत मूठभर वाळू टाकल्यासारखं होऊन जाग आली. डोळे उघडवेनात, पाणी थांबेना. घरात कुणी बटाट्याच्या चकत्या ठेवा म्हणालं, कुणी कच्चं दूध टाका म्हणालं.

त्यातलं काही करू नका. आर्कमधल्या अतिनील किरणांनी बुबुळावरचा पातळ पडदा भाजलेला असतो, म्हणून त्रास काही तासांनी सुरू होतो. कच्च्या दुधातून त्या जखमेत जंतू जातात. अंधाऱ्या खोलीत पडून राहा, डोळे चोळू नका, मिटल्या पापण्यांवर स्वच्छ गार पाण्याची पट्टी ठेवा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. बधिर करणारे थेंब मेडिकलमधून आणून स्वतःच्या मनानं घालू नका. तात्पुरतं बरं वाटतं, पण जखम भरायची थांबते. साधारण एक-दोन दिवसांत उतरतं. आर्क सुरू असताना जवळ उभं राहून बघणाऱ्या लहान मुलांनाही हे होतं, म्हणून आधी त्यांना आत पाठवा.

हातात धरायची काच स्वस्त असते, पण शिकणाऱ्याला तिचा त्रास होतो: काच लावली की सगळं काळं, आणि रॉड कुठे टेकवायचा तेच दिसत नाही. म्हणून पैसे असतील तर आपोआप काळं होणारं हेल्मेट घ्या. आर्क पेटण्याआधी त्यातून सांधा दिसतो. दोन्ही हात मोकळे राहतात, आणि टाक्यालाही डोळे झाकलेले राहतात. घरगुती कामाच्या करंटला शेड, म्हणजे काचेच्या काळेपणाचा नंबर, १० ते ११ ठीक. चाळीशी लागली असेल तर चष्मा हेल्मेटच्या आत लावाच. ‘हात थरथरतो’ म्हणणाऱ्या काहींना खरं तर जवळचं दिसत नसतं.

अंगात पूर्ण बाह्यांचा जाड सुती शर्ट, गळ्यापर्यंत बटण लावलेलं. टेरिकॉट, नायलॉन नको, ठिणगी पडली की कातडीला चिकटतं. चामड्याचे लांब हातमोजे, चामड्याचे बूट, पँट बुटाच्या बाहेरून. चप्पल घालून वेल्डिंग करणारे पावलोपावली दिसतात. बोटांच्या बेचक्यात गरम खपली, म्हणजे वेल्डवर जमणारं रॉडच्या आवरणाचं कवच, एकदा अडकू द्या, मग ती चप्पल आपसूक सुटते. खपली काढताना साधा पारदर्शक गॉगल हवाच, कारण ती काचेसारखी उडते. आणि ग्राइंडरचं गार्ड कधीही काढू नका. भीती लोकांना वेल्डिंगच्या उजेडाची वाटते, पण फुटलेलं कटिंग व्हील क्षणात चेहऱ्यावर येतं.

पावसाळ्यात ओल्या जमिनीवर, ओल्या हातमोज्यांनी काम करू नका. रॉड टेकलेला नसताना रॉड धरायच्या होल्डरवर ६० ते ८० व्होल्ट असतात आणि घामेजल्या अंगाला ते पुरेसे आहेत. पायाखाली कोरडी फळी टाका.

पहिले रॉड, पहिली प्लेट

रॉड ई६०१३ घ्या, २.५ मिलिमीटरचा. सहज पेटतो, खपली सहज निघते, उभ्या-आडव्या सगळ्या जागी चालतो. ६० म्हणजे चौरस इंचाला ६०,००० पौंडांची ताण सोसण्याची ताकद, १ म्हणजे सगळ्या स्थितींत चालणारा, शेवटच्या दोन अंकांवरून आवरणाचा आणि करंटचा प्रकार कळतो. पाकीट उघडलं की उरलेले रॉड झाकणाच्या डब्यात ठेवा. सर्द झालेला रॉड तडतडतो आणि वेल्डमध्ये भोकं सोडतो.

भंगारवाल्याकडून किलोवर ६ मिलिमीटरच्या प्लेटचे तुकडे आणि पट्ट्या आणा. भरपूर आणा. हौशी माणूस मशीनवर सगळे पैसे घालतो आणि सरावाला दोन तुकडे आणतो; तिथेच शिकणं अडतं.

प्लेट ग्राइंडरनं घासून पांढरी करा, अर्थ क्लॅम्प उघड्या लोखंडावर लावा, मशीन ७५ अँपिअरवर ठेवा. होल्डर एका हातात, दुसरा हात त्याच्या मनगटाला आधार, कोपर टेबलावर किंवा बरगडीला टेकलेलं. आधी मशीन बंद ठेवून कोरडा सराव करा: पूर्ण रेघभर हात सरकतो का, मध्येच अडकतो का.

मग काडी पेटीवर ओढतो तसा रॉड प्लेटवर ओढा आणि ठिणगी दिसताच किंचित उचला. तो चिकटणार. सगळ्यांचा चिकटतो. ओढू नका, मनगट बाजूला झटका. तरी सुटला नाही तर होल्डरचा खटका दाबून रॉड सोडून द्या, आणि काच डोळ्यांवरून काढू नका, कारण सुटताना आर्क पेटतो. पुन्हापुन्हा चिकटत असेल तर पाच-दहा अँपिअर वाढवा.

आर्क टिकायला लागला की खरा धडा सुरू होतो. नवा माणूस रॉडच्या टोकाच्या प्रखर उजेडाकडे बघतो. तिथे बघण्यासारखं काही नसतं. त्या उजेडाच्या मागे बघा. लोखंडाचा एक छोटा चकाकता रस तयार झालेला असतो, साधारण चण्याएवढा, आणि त्याच्या मागून थोडी गडद, सायीसारखी खपली सरकत येते. रस आणि खपली या दोघांना वेगळं ओळखता आलं, त्या दिवशी वेल्डिंगचा निम्मा भाग हाती आला असं समजा. रसाची कड प्लेटमध्ये भिजल्यासारखी पसरली तर सांधा धरतोय. नुसतीच वर फुगून बसली तर धरत नाही. खपली पुढे धावून रसाच्या पुढ्यात आली तर रॉड थोडा जास्त कलवा किंवा वेग वाढवा, नाहीतर ती आत गाडली जाते.

रॉड जाण्याच्या दिशेकडे १५ ते २० अंश कललेला हवा, म्हणजे आपण त्याला मागे ओढत नेतोय असा. टोक आणि प्लेट यांतलं अंतर रॉडच्या जाडीएवढं. रॉड जळून आखूड होत जातो, म्हणून हात पुढे सरकतानाच खालीही जायला हवा. हे दुहेरी सरकणं बसायला आठवडा जातो. कानही लावा. बरोबर चाललेला आर्क गरम तेलात भजी तळल्यासारखा सलग चुरचुरतो. अंतर वाढलं की फडफड ऐकू येते आणि शिंतोडे उडतात.

एका रॉडमध्ये साधारण वीतभर रन मारा. खपली काढा, तारेच्या ब्रशनं घासा, आणि बघा. उंच, अरुंद, दोरी ठेवल्यासारखा दिसतोय? करंट कमी. दोन्ही कडांना चर पडलाय? करंट जास्त किंवा आर्क लांब. रेषा रुंद-अरुंद होतेय? वेग सारखा नाही. खडूनं करंट प्लेटवरच लिहा: ६०, ७५, ९०. तीन रन शेजारीशेजारी असले की डोळ्यांना फरक कळतो. सगळी प्लेट रनांनी भरून टाका, मग त्यांच्यावर आडवे रन मारा. प्लेट तापली की थांबा, गरम प्लेटवर कुणाचाही रन बरा येतो.

जोडा आणि तोडा

आता टी-सांधा. एक पट्टी आडवी, तिच्यावर दुसरी उभी. गुण्या लावून काटकोन धरा, दोन टोकांना टाके मारा, मग एकाच बाजूनं कोपऱ्यात पूर्ण रन. रॉड दोन्ही पट्ट्यांच्या बरोबर मध्ये, ४५ अंशांत. करंट थोडा वाढवा, ८० ते ८५. दोन पट्ट्या मिळून उष्णता जास्त खातात.

गार झाल्यावर तुकडा व्हाइसमध्ये धरा आणि वेल्ड नसलेल्या बाजूनं हातोडा मारा. उभी पट्टी वेल्डच्या अंगावर झुकते आणि सांधा मुळाशी उघडतो. माझा पहिला देखणा टी-सांधा तिसऱ्या घावाला सुटला होता. वरून खवल्यासारख्या सुरेख लहरी होत्या. आत मुळाशी पट्टीची कापलेली कड जशीच्या तशी चकचकीत शाबूत होती, आणि तिच्यावर काळ्या काचेसारखी खपलीची रेघ. रस मुळापर्यंत पोचलाच नव्हता. ती रेघ मी बोटानं चाचपली, तेव्हा मला कळलं की वरून बघून वेल्डची परीक्षा होत नाही. चांगला सांधा सहसा तुटत नाही, पट्टीच वाकते. तुटला तरी आतली जागा सलग राखाडी आणि दाणेदार दिसते. निदान वीस सांधे असे तोडा. सलग पाच मुळापर्यंत भरलेले निघेपर्यंत पुढे जाऊ नका.

नंतर टोकाला टोक जोडायचा सांधा: ६ मिलिमीटरच्या प्लेटला कडा तिरक्या घासून, मध्ये रॉडच्या जाडीएवढी फट ठेवून. मग उभा रन. जाड प्लेटवर खालून वर, १० टक्के करंट कमी करून. रस खाली ओघळतो, म्हणून कडांवर क्षणभर थांबत, मधून पटकन जायचं. याला वेळ लागतो, लागू द्या.

चौकोनी पाइप हा वेगळा विषय, आणि लोक नेमकं तिथूनच सुरू करतात. दीड-दोन मिलिमीटरच्या भिंतीला क्षणात भोक पडतं. २ मिलिमीटरचा रॉड मिळाला तर घ्या, २.५ वरच करायचं तर ५५ ते ६५ अँपिअर, मशीनवर रॉड निगेटिव्हला जोडून बघा, आणि सलग रन न मारता सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचे तुकडे, मध्ये थांबत. कटिंग इतकं नेटकं करा की फट राहणारच नाही. पातळ पाइपमधली फट रॉडनं भरायला गेलात की भोक वाढत जातं.

पहिली वस्तू म्हणून कुंड्यांचा स्टँड करा. चार पाय, दोन चौकटी. सगळी चौकट आधी नुसत्या टाक्यांवर उभी करा आणि दोन्ही कर्ण टेपनं मोजा. सारखे नसतील तर टाका तोडून सरळ करा. मग एका कोपऱ्यात एक रन, समोरच्या कोपऱ्यात दुसरा, असं फिरत जा. गार होताना वेल्ड आकसतो आणि पट्टीला आपल्याकडे ओढतो. एकाच बाजूनं सगळं संपवलं तर चौकट वाकते.

हात आवरायच्या जागा

डिझेलचा, पेट्रोलचा, रसायनाचा रिकामा ड्रम किंवा टाकी वेल्ड करू नका. रिकाम्यात द्रव नसतो, वाफ असते, आणि ती पेटून टाकी फुटते. नुसतं पाण्यानं विसळून ती वाफ जाते असं धरू नका. गॅस सिलिंडरला ठिणगी लावू नका. गॅल्व्हनाइज्ड पाइपवरचा जस्ताचा थर सांध्यापासून इंच-दोन इंच घासून काढा, उघड्यावर, वारा एका बाजूनं येईल असं उभं राहून काम करा. त्या पांढऱ्या धुरानं रात्री हुडहुडी भरून ताप येतो, आणि दूध प्यायल्यानं तो टळत नाही.

ट्रॅक्टर किंवा मोटारसायकलवर काम करताना बॅटरीची वायर काढा, अर्थ क्लॅम्प वेल्डच्या अगदी जवळ लावा. क्लॅम्प दुसऱ्या टोकाला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि त्याच्या गोळ्यांवर खड्डे पाडतो. स्टिअरिंग, ट्रॉलीचा हूक, शिडी, जॅक, माणूस ज्याच्यावर किंवा ज्याच्याखाली असतो असं काहीही पहिल्या वर्षी स्वतः जोडू नका. बिडाचे तुकडेही बाजूला ठेवा, त्यांना वेगळा रॉड आणि वेगळी रीत लागते.

आसपास कडबा, गोणपाट, भुसा असेल तर आधी हलवा, पाण्याची बादली जवळ ठेवा, आणि काम संपल्यावर अर्ध्या तासानं पुन्हा येऊन जागा बघा.

कुणी शिकवणारं हवं असेल तर सरकारी आयटीआयमध्ये वेल्डरचा एक वर्षाचा ट्रेड आहे, आठवी पासवर प्रवेश मिळतो. तेवढा वेळ नसेल तर गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडे चार रविवार जा, त्याच्या खपल्या काढा, टाके मारायला मागा. जाताना आपले तोडलेले सांधे पिशवीत घेऊन जा. कुठे चुकतंय ते तो तुटलेल्या जागेवर बोट ठेवून दाखवेल.